पाहण्याचा पडदा, वापरण्याचा पडदा

दूरचित्रवाणी संच घडवला गेला तो प्रक्षेपण केंद्रातून येणारे चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसांना दाखवण्यासाठी, आणि त्याच्या रचनेतील बहुतेक तडजोडी या एकाच गृहीतावर बेतलेल्या होत्या. चित्राच्या कडा थोड्या कापल्या गेल्या, रंग किंचित फाकले किंवा चित्र पडद्यावर निमिषभर उशिरा उमटले, तरी बातम्या पाहणाऱ्याचे काही बिघडत नसे. १९७० च्या दशकात या संचाला आधी खेळाची यंत्रे आणि पाठोपाठ घरगुती संगणक जोडले जाऊ लागले, तेव्हा मात्र पडद्यासमोरचा माणूस नुसता प्रेक्षक उरला नाही. हाताच्या हालचालीला पडद्याने तत्काळ उत्तर द्यावे आणि टंकलेले अक्षर स्वच्छ वाचता यावे, अशा दोन नव्या अपेक्षा त्याने संचापुढे ठेवल्या. कन्सोल म्हणजे घरगुती खेळयंत्र आणि संगणक या दोहोंसाठी कोणता टीव्ही घ्यावा, हा आज दुकानात सर्रास विचारला जाणारा प्रश्न त्या दोन अपेक्षांमधूनच जन्मला आहे.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात सँडर्स असोसिएट्स या संरक्षणविषयक कंपनीत काम करणारे अभियंते राल्फ बेअर यांनी १ सप्टेंबर १९६६ रोजी चार पानांचे एक टिपण लिहिले, आणि घरोघरी असलेल्या टीव्हीवर खेळ खेळता येतील ही कल्पना त्यात मांडली. त्यातून पुढे १९७२ साली ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ हे पहिले घरगुती खेळयंत्र बाजारात आले. या यंत्राला पडद्यावर मोजके पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ यांपलीकडे फारसे काही काढता येत नसल्यामुळे मैदान किंवा चक्रव्यूह छापलेली पारदर्शक रंगीत प्लास्टिकची पाने सोबत दिली जात. ती स्थिर विद्युतभारामुळे काचेला चिकटून राहत, आणि ग्राहकांच्या घरी लहानमोठे संच असणार हे ओळखून प्रत्येक पान दोन आकारांत पुरवलेले असे. म्हणजे कन्सोल आणि टीव्ही यांचे माप जुळवण्याचा प्रश्न पहिल्याच कन्सोलच्या खोक्यात हजर होता. त्याहून मोठी अडचण गैरसमजाची ठरली. ओडिसीची विक्री मॅग्नावॉक्स या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रेत्यांमार्फत होत असल्याने ते फक्त मॅग्नावॉक्सच्याच टीव्हीवर चालते असा अनेकांचा ग्रह झाला आणि त्याचा फटका विक्रीला बसला. वास्तविक ते कोणत्याही संचावर चालत असे.

ते कोणत्याही संचावर चालण्याचे कारण असे की, त्या काळच्या टीव्हीला बाहेरच्या जगाशी जोडणारे दार एकच होते, आणि ते म्हणजे अँटेनाची जोडणी. खेळयंत्राने तयार केलेले चित्र या दारातून आत धाडायचे, तर ते एखाद्या वाहिनीच्या रेडिओलहरीवर चढवावे लागे. हे काम करणाऱ्या छोट्या मंडलाला ‘आरएफ मॉड्युलेटर’ म्हणतात, आणि त्याच्यामुळे ते यंत्र त्या घरापुरते एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होऊन बसे. अमेरिकेत त्यासाठी तिसरी किंवा चौथी वाहिनी वापरली जाई. मात्र अशा मंडलातून निसटणाऱ्या लहरी शेजाऱ्यांच्या चित्रात व्यत्यय आणू शकत असल्याने सरकारी दूरसंचार आयोगाचे नियम कडक होते. १९७७ च्या ॲपल टू संगणकात त्यामुळे मॉड्युलेटर बसवलाच गेला नाही. तो दुसऱ्या एका छोट्या कंपनीने वेगळा विकला आणि ग्राहकाने आपल्या हाताने जोडला. नियम पाळला गेला आणि चित्रही दिसले, अशी ही सोयीस्कर वाट होती.

त्याच वर्षीच्या अटारी व्हीसीएस या कन्सोलवर ‘रंगीत’ आणि ‘कृष्णधवल’ असे दोन पर्याय असलेली एक कळ होती, कारण अनेक घरांत, विशेषतः मुलांच्या वाट्याला आलेल्या जुन्या संचांत, रंग नव्हते. कळ फिरवली की करड्या छटांत वेगळे ओळखू येतील असे रंग खेळ निवडत असे. याच यंत्रावरचे बरेच खेळ कोणी खेळत नसताना पडद्याचे रंग आपोआप बदलत राहत. एकच स्थिर आकृती तासन् तास राहिली, तर चित्रनळीच्या आतल्या बाजूचा प्रकाशणारा लेप तेवढ्या जागी झिजून कायमचा डाग पडतो, आणि घरचा एकुलता एक टीव्ही मुलांच्या खेळापायी खराब होण्याची भीती पालकांना होती; त्या भीतीवरचा हा उपाय होता.

खेळांचे असे भागले; अक्षरांचे भागेना. अमेरिकेत १९५३ साली मान्य झालेली एनटीएससी आणि युरोपात १९६७ पासून प्रक्षेपणात आलेली पाल या दोन्ही रंगपद्धती आधीच्या कृष्णधवल प्रक्षेपणाच्याच चौकटीत रंग कोंबून बसवण्यासाठी आखलेल्या होत्या. त्यासाठी चित्राची उजळ-अंधारी बाजू आणि रंगाची माहिती वेगळी करून रंगाला बरीच कमी जागा देण्यात आली, कारण माणसाच्या डोळ्याला प्रकाशातील बारकावे जितके टिपता येतात तितके रंगातील येत नाहीत. चेहरा किंवा निसर्गदृश्य दाखवताना ही युक्ती उत्तम चालते. परंतु निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षराची कड या युक्तीत विरघळून जाते. त्यामुळे टीव्हीसाठी बनवलेले संगणक एका ओळीत चाळीस अक्षरांवर थांबले, आणि १९८२ चा ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रम तर बत्तीसांवरच. स्पेक्ट्रमच्या चित्राभोवती दिसणारी रुंद रंगीत चौकट ही सजावट वाटली, तरी तिच्यामागे ‘ओव्हरस्कॅन’ होते. चित्रनळीच्या कडांशी चित्र वाकडे होते म्हणून निर्माते ते मुद्दाम पडद्याबाहेर थोडे सांडू देत. चित्रपटात त्याने काही बिघडत नसे, पण संगणकाच्या पडद्यावर ओळीचे पहिले अक्षरच गायब झाले असते.

कार्यालयीन कामाला मात्र ऐंशी अक्षरांची ओळ हवी होती. आयबीएमने १९८१ साली वैयक्तिक संगणक आणला तेव्हा त्यासोबतचा एकरंगी मॉनिटर, म्हणजे प्रक्षेपण ग्रहण करण्याची सोय नसलेला आणि संगणकाचेच चित्र दाखवणारा पडदा, ऐंशी अक्षरांच्या पंचवीस ओळी रेखीव दाखवी, आणि तिथून दोन घराण्यांचे रस्ते वेगळे झाले. १९८७ च्या व्हीजीए मानकाने ही फारकत पक्की केली: टीव्ही सेकंदाला सुमारे साडेपंधरा हजार रेषा काढीत असताना व्हीजीएचा मॉनिटर त्याच्या दुप्पट काढू लागला, आणि एकाचा संकेत दुसऱ्याला दिल्यास पडद्यावर निव्वळ गोंधळ दिसे. फ्रान्समध्ये सक्तीने बसवल्या गेलेल्या आणि पुढे युरोपभर पसरलेल्या ‘स्कार्ट’ जोडणीने लाल, हिरवा व निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून नेऊन टीव्हीचे चित्र पुष्कळ सुधारले. जपानमध्ये शार्पने १९८३ साली निन्टेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल पोटातच बसवलेला टीव्ही विकला. पण हे अपवादच राहिले.

भारतात या सगळ्याला प्रक्षेपणपद्धतीचा आणखी एक पदर होता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि देशात रंगीत प्रक्षेपण आले ते १९८२ साली, पाल पद्धतीने. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेले खेळयंत्र एनटीएससी पद्धतीचे असल्याने इथल्या साध्या संचावर त्याचे चित्र बिनरंगी दिसे आणि खालून वर सरकत राही. ब्रिटिश यंत्रे पाल पद्धतीची असली तरी त्यांचा मॉड्युलेटर यूएचएफ पट्ट्यातल्या ३६ व्या वाहिनीवर चाले, तर दूरदर्शनचे प्रक्षेपण व्हीएचएफ पट्ट्यात असल्याने इथल्या अनेक संचांना यूएचएफ पट्टाच नव्हता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने भारतात आणलेल्या ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’सारख्या यंत्रापुरता खटाटोप काही हौशी घरांनी केला. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या घरात टीव्हीला जोडलेले पहिले यंत्र बहुधा १९९० च्या दशकातले होते: फॅमिकॉमची पूर्व आशियात बनलेली नक्कल, जिला ब्रँड कोणताही असो, सगळे ‘व्हिडिओ गेम’ एवढेच म्हणत. अँटेनाची वायर उपसून त्या जागी खेळाची वायर खोचायची, ट्यूनिंगचे बारीक चाक मुंग्या जाऊन चित्र स्थिर होईपर्यंत फिरवायचे, आणि मालिकेची वेळ झाली की सगळे पूर्ववत करायचे, हा रोजचा उद्योग असे. त्या वेळी टीव्ही खेळासाठी निवडलाच जात नव्हता. घरात जो होता तोच वापरला जाई.

चित्रनळीच्या या जुन्या संचात एक गुण मात्र असा होता की, तो गेल्यावरच लोकांना कळला. आलेला संकेत कुठेही साठवून न ठेवता नळी तो त्याच क्षणी काचेवर उमटवीत असे. निन्टेंडोच्या ‘डक हंट’ या खेळाची बंदूक याच गुणावर चालत होती: चाप ओढताच पडदा क्षणार्धासाठी काळा होई, पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन झळके, आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक तो दिसला की नाही एवढेच पाही. चित्रनळीच्या जागी आलेल्या एलसीडी टीव्हीवर ही बंदूक निकामी ठरते, कारण चौकोन अपेक्षित क्षणी तिथे नसतोच. एलसीडी पडद्यावर बिंदूंची संख्या कायमची ठरलेली असल्याने येणारे प्रत्येक चित्र आधी स्मृतीत साठवून, त्याच्या सुट्या रेषा जुळवून आणि आकार बदलून मगच दाखवावे लागते. त्यातच हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधले चित्र स्वतःच रचणारे संच आले आणि विलंब आणखी वाढला. सेकंदाला साठ चित्रे धरली, तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. अशा चार-पाच चित्रांचा उशीर चित्रपट पाहणाऱ्याला जाणवत नाही. बटन दाबून उडी मारणाऱ्याला मात्र आपला हात जड झाल्यासारखे वाटते. सर्वाधिक पंचाईत संगीताच्या खेळांची झाली, आणि २००८ च्या ‘रॉक बँड टू’च्या गिटारीत तर टीव्हीचा विलंब स्वतः मोजणारे संवेदकच बसवावे लागले. सगळी सजावटी प्रक्रिया बंद करणारा ‘गेम मोड’ हा आजच्या संचांतला पर्याय याच तक्रारींतून आला आहे, आणि बऱ्याच संचांत तो हाताने सुरू करावा लागतो हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरांत चांगला संच वर्षानुवर्षे मंदच चालतो.

डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय जोडणीने टीव्ही आणि मॉनिटर पुन्हा एका तारेवर आले, तरी टीव्हीने आपल्या सवयी सोडल्या नाहीत. चित्रनळी गेली, वाकड्या कडा गेल्या, तरीही अनेक संच आलेले चित्र थोडे मोठे करून कडा कापत राहिले, आणि संगणकाच्या खालच्या पट्टीवरचे घड्याळ अर्धवट दिसू लागले. रंगाची कपात तर नव्या नावाने टिकली. प्रत्येक बिंदूचा रंग जसाच्या तसा ठेवण्याला ‘४:४:४’ म्हणतात, तर शेजारच्या चार बिंदूंमध्ये मिळून एकच रंग वाटून देण्याला ‘४:२:०’. चित्रपट दुसऱ्या प्रकारे साठवलेले असतात, आणि काही संच संगणकाचे चित्रही त्याच साच्यात घालतात. संगणक लावलेल्या जोडणीला संचाच्या यादीत ‘पीसी’ असे नाव दिले की काही कंपन्यांचे संच ही कपात थांबवतात, हे तर्कापेक्षा मंत्राच्या जवळ जाणारे आहे. ‘एचडी रेडी’ म्हणून खपलेल्या बत्तीस इंची संचांत बहुधा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा पडदा असे. संगणकाने १२८० गुणिले ७२० चे चित्र पाठवले की ते ताणले जाऊन अक्षरे मऊ पडत.

नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय २.१ मध्ये समोर खेळयंत्र आहे हे ओळखून विलंब आपोआप कमी करण्याची, आणि यंत्र चित्र जसे तयार करील त्या गतीने पडदा चालवण्याची सोय आली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्यासाठी ती मोलाची ठरली. ज्यातील प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो त्या ओलेड पडद्याने मात्र अटारीच्या काळचा स्थिर चित्राच्या डागाचा प्रश्न परत आणला आहे, आणि त्यातील बहुतेकांत लाल, हिरव्या, निळ्यासोबत पांढरा उपबिंदूही असल्याने, तीनच उपबिंदू गृहीत धरून अक्षरे रेखणाऱ्या संगणकाच्या अक्षरांना जवळून रंगीत झालर दिसते. म्हणून खेळ हेच मुख्य काम असेल तर आजचा टीव्ही निःशंकपणे घ्यावा. दोन्ही कामे एकाच पडद्यावर करायची असतील, तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच लॅपटॉप जोडून पडद्याच्या चारही कडा आणि निळ्यावरची लाल अक्षरे पाहून घ्यावीत. आणि दिवसाचे आठ तास अक्षरेच वाचायची असतील, तर मॉनिटरच घ्यावा.