काळीज नेमकं कुठं असतं?

आज आपण सुरुवात मटणाच्या दुकानातून करू. कोराडीत काय किंवा नागपुरात काय, आपण 'कलेजी' मागितली की दुकानदार यकृत देतो. पण 'काळजात धस्स झालं' म्हणताना आपला हात छातीवर जातो. शब्द एकाच घरातले, अवयव मात्र दोन. असं का?

संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत. त्यातूनच हिंदीचा कलेजा आला आणि आपलं काळीजही. अमरकोशात यकृताला 'कालखंड' असंही नाव आहे. आपण इतिहासात कालखंड म्हणतो तो वेळेचा. हा काळपट रंगाचा. ऐकायला एक, अर्थ वेगळे.

मग यकृताचा शब्द हृदयापर्यंत कसा पोहोचला? चरकसंहितेत रक्तवह स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहा सांगितलंय. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलेन हाही म्हणायचा, रक्त यकृतात तयार होतं. जिथं रक्त तिथं जीव, धैर्य, माया. फारसीतून आलेला 'जिगर' घ्या. तोही मुळात यकृतच, आणि गंमत म्हणजे 'यकृत' आणि 'जिगर' एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत. पुढं १६२८ साली विल्यम हार्वेनं रक्त फिरवण्याचं काम हृदयाचं आहे, हे मांडलं. पण बोलीतलं काळीज कोणा शास्त्रज्ञाची वाट बघत थांबलं नव्हतं.

हा घोळ फक्त आपलाच नाही बरं का. ग्रीक 'कार्डिया' म्हणजे हृदय; पण शरीरशास्त्रात जठराच्या वरच्या तोंडालाही कार्डियाच म्हणतात. इंग्रजीतल्या 'हार्टबर्न'मध्ये हार्ट आहे, जळते मात्र अन्ननलिका.

आता हे सगळं कशासाठी सांगतोय? आपल्या भागात वऱ्हाडी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात. घरातली आजी म्हणते, 'काळजात कळ येऊन राहिली.' आपण ते दवाखान्यात सांगताना 'छातीत दुखतं' करतो, नाहीतर 'ॲसिडिटी आहे' म्हणून घरीच थांबतो. दोन्हीकडे आपण तिचा शब्द बदलला. हृदयाचं दुखणं कधी कधी पोटाच्या वरच्या भागातही जाणवतं, म्हणून इथं अंदाज महागात पडू शकतो.

तेव्हा आजीला एवढंच विचारू: हात ठेवून दाखव, कुठं दुखतं? आणि तिचा शब्द आहे तसाच डॉक्टरांपर्यंत नेऊ, वेळ न घालवता. शब्दाचं मूळ आपण नंतर निवांत शोधू.