खोडाची अंतर्रचना

खोडाची अंतर्रचना म्हणजे वनस्पतीच्या खोडातील पेशी, ऊती आणि त्यांची परस्परसापेक्ष मांडणी होय. खोड पाने, फुले व फळे यांना आधार देते, मुळांनी शोषलेले पाणी व क्षार वर पोहोचवते आणि पानांत तयार झालेले अन्न इतर भागांकडे नेते. ही तिन्ही कार्ये वेगवेगळ्या ऊतींकडे सोपवलेली असतात. या ऊतींची मांडणी द्विदल व एकदल वनस्पतींत भिन्न असते. आंब्यावर कलम बांधता येते पण नारळावर येत नाही, किंवा सालीचे पूर्ण वलय काढल्यास वृक्ष मरतो, अशा अनेक व्यावहारिक गोष्टींचे कारण या मांडणीत सापडते.

इतिहास

इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील कप्प्यांचे वर्णन केले. ते कप्पे म्हणजे मृत पेशींच्या भित्तिका होत्या. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील मार्चेलो माल्पिगी व इंग्लंडमधील निहेमाया ग्रू यांनी वनस्पतींच्या अंतर्रचनेचा पद्धतशीर अभ्यास केला. माल्पिगी यांनी फांदीवरील सालीचे वलय काढून टाकले असता वलयाच्या वरची बाजू फुगते, असे दाखवले. जलवाहिनी व रसवाहिनी या ऊतींसाठी आज जगभर रूढ असलेल्या ‘झायलेम’ व ‘फ्लोएम’ या संज्ञा स्विस शास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी १८५८ मध्ये योजल्या.

वनस्पतिपेशी

वनस्पतिपेशीभोवती पेशीपटलाच्या बाहेर सेल्युलोजची भित्तिका असते. शेजारच्या दोन पेशींच्या भित्तिका पेक्टिनयुक्त थराने जोडलेल्या असतात आणि भित्तिकांतील सूक्ष्म छिद्रांतून जाणारे जीवद्रव्याचे धागे या पेशींचा संपर्क राखतात. पेशीत केंद्रक, तंतुकणिका व लवके असतात. हिरव्या भागांतील हरितलवके प्रकाशसंश्लेषण करतात. प्रौढ पेशीचा बहुतेक अवकाश एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. रिक्तिकेतील रसाच्या दाबामुळे पेशी ताठ राहते. पाणी कमी पडले की हा दाब घटतो आणि कोवळे खोड मलूल होऊन झुकते. उसातील साखरही प्रामुख्याने खोडातील मृदू पेशींच्या रिक्तिकांत साठलेली असते.

काही पेशींत मूळ भित्तिकेच्या आतून दुसरी जाड भित्तिका तयार होते व तिच्यात लिग्निन साचते. अशा पेशी कठीण होतात आणि पुष्कळदा मृत झाल्यावरच आपले कार्य करतात. लाकडाचा कठीणपणा लिग्निनमुळे येतो.

ऊतींचे प्रकार

विभाजी ऊती : यातील पेशी सतत विभाजित होतात. प्ररोह विभाजी ऊती खोडाच्या टोकाशी असून तिच्यामुळे खोड उंच वाढते. आंतरीय विभाजी ऊती गवतांच्या खोडात पेरांजवळ असते. पार्श्व विभाजी ऊतीमुळे खोडाची जाडी वाढते. ऊतककर हे तिचे प्रमुख उदाहरण आहे.

सरल स्थायी ऊती : मूल ऊतीच्या पेशी जिवंत व पातळ भित्तिकेच्या असून त्या अन्न व पाणी साठवतात. स्थूलकोन ऊतीच्या पेशी कोपऱ्यांशी जाड असल्याने कोवळ्या खोडाला लवचीकपणासह आधार मिळतो. दृढ ऊतीच्या पेशी लिग्निनयुक्त व बहुधा मृत असतात. तागाचे धागे हे रसवाहिनीच्या भागातील दृढ ऊतीचेच तंतू होत.

जटिल स्थायी ऊती : जलवाहिनीत वाहिनिका, वाहिका, तंतू व मृदू ऊती यांचा समावेश होतो. वाहिकांच्या पेशी मृत असून एकमेकींना जोडून त्यांची सलग नळी बनते. रसवाहिनीत चालनी नलिका, सहपेशी, तंतू व मृदू ऊती असतात. चालनी नलिकांच्या पेशी जिवंत परंतु केंद्रकहीन असतात, त्यामुळे त्या सहपेशींवर अवलंबून राहतात. अन्नाचे वहन मुख्यतः सुक्रोज या शर्करेच्या रूपात होते.

द्विदल खोड

सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा आडवा काप घेतल्यास बाहेरून आत क्रमाने पुढील भाग दिसतात : केसयुक्त अपित्वचा व तिच्यावरील मेणचट उपत्वचा, स्थूलकोन ऊतीची अधस्त्वचा, मूल ऊतीचे बाह्यक, पिष्टकण असलेली अंतस्त्वचा, वाहक वृंदांचे एक वलय आणि मध्यभागी भेंड. प्रत्येक वृंदात रसवाहिनी बाहेर, जलवाहिनी आत व त्या दोहोंमध्ये ऊतककर असतो. ऊतककर असल्यामुळे अशा वृंदांना ‘खुले’ म्हणतात.

एकदल खोड

मक्याच्या खोडात वाहक वृंद वलयात नसून मूल ऊतीत सर्वत्र विखुरलेले असतात. कडेला ते लहान व दाट, तर मध्याकडे मोठे व विरळ असतात. बाह्यक व भेंड असा स्पष्ट भेद नसतो. अधस्त्वचा दृढ ऊतीची असते आणि प्रत्येक वृंदाभोवती दृढ ऊतीचे आवरण असते. वृंदात ऊतककर नसतो, म्हणून त्यांना ‘बंद’ म्हणतात. उसाच्या कांड्याची साल कठीण व आतला भाग मऊ असण्याचे कारण हीच मांडणी आहे. केळीचे जमिनीवर दिसणारे खोड मात्र आभासी असते. ते एकमेकांत गुंडाळलेल्या पर्णतलांचे बनलेले असून खरे खोड जमिनीतील कंदाच्या रूपात असते.

द्वितीयक वाढ

द्विदल वृक्षांत वृंदांतील ऊतककर व त्यांच्या मधल्या भागात नव्याने निर्माण झालेला ऊतककर मिळून अखंड वलय तयार होते. हे वलय आतल्या बाजूस जलवाहिनी म्हणजेच लाकूड आणि बाहेरच्या बाजूस रसवाहिनी निर्माण करते. लाकडाचे प्रमाण कितीतरी अधिक असते. बाहेर दुसरी विभाजी ऊती बुचासारखा थर बनवते आणि या थरातील वल्करंध्रांतून वायूंची देवाणघेवाण होते. जुने, मध्यवर्ती लाकूड पाणी वाहण्याचे थांबते व गडद होते. त्यास मध्यकाष्ठ म्हणतात. बाहेरचे फिकट रसकाष्ठ पाणी वाहते, म्हणूनच आतून पोकळ झालेला, ढोली पडलेला वृक्षही जगू शकतो.

ऋतुमानानुसार लाकडाच्या वाढीत फरक पडून वार्षिक वलये उमटतात. सागात ती स्पष्ट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या पर्जन्यमानाचा अभ्यास झाला आहे.

व्यावहारिक महत्त्व

सालीचे वलय काढणे : साल सोलली असता ती ऊतककराच्या जागी सुटते आणि तिच्याबरोबर रसवाहिनीही निघून जाते. खोडाभोवतीचे पूर्ण व रुंद वलय काढल्यास मुळांना अन्न मिळत नाही. जलवाहिनी शाबूत असल्याने पाने बराच काळ हिरवी राहतात आणि हानी लगेच लक्षात येत नाही. मुळांतील साठा संपला की वृक्ष वाळतो. खोडाला घट्ट आवळलेली तार वा लोखंडी जाळी खोड जाड होत गेल्यावर हाच परिणाम घडवते. अर्जुनासारख्या औषधी वृक्षांची साल काढताना खोडाभोवतीचा पूर्ण पट्टा काढू नये, याचे कारण हेच आहे. याउलट, द्राक्षबागांत मण्यांचा आकार वाढावा म्हणून मुद्दाम अत्यंत अरुंद वलय काढतात. त्यामुळे अन्न काही काळ घडांकडेच राहते व पुढे जखम भरून येते.

कलम : आंब्याच्या कलमात खुंट व कलमकाडी यांचे ऊतककर एकमेकांस भिडणे आवश्यक असते. त्यांच्या नव्या पेशींतून दोन्ही भागांच्या वाहक ऊती जोडल्या जातात. नारळात ऊतककर नसल्याने या नेहमीच्या पद्धतीने कलम होत नाही.

नारळाच्या जखमा : माडावर चढण्यासाठी खोडात पाडलेल्या खाचा कधीही भरून येत नाहीत, कारण जखम झाकणारी नवी ऊती तेथे तयार होत नाही. माडाची वाढ शेंड्यातील एकाच विभाजी ऊतीवर अवलंबून असते. सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी तो भाग पोखरल्यास माड मरतो.

निरीक्षण

तेरड्याचे रोप मुळांसह इओसिनच्या पातळ द्रावणात ठेवल्यास अर्धपारदर्शक खोडातून वर चढणाऱ्या लाल रेषा दिसतात. त्या भागाचा आडवा काप घेतल्यास केवळ जलवाहिनी रंगलेली आढळते. सूर्यफूल व मका यांच्या खोडांचे पातळ काप सॅफ्रानिनने रंगवल्यास लिग्निनयुक्त पेशी लाल दिसतात आणि वृंदांच्या मांडणीतील भेद साध्या सूक्ष्मदर्शकानेही स्पष्ट होतो.