वराह पिलांच्या आहारातील अमिनो आम्लांचे संतुलन

वराह पिलांच्या आहारातील अमिनो आम्लांचे संतुलन म्हणजे वाढीस आवश्यक असलेली अमिनो आम्ले पिलाच्या खाद्यात योग्य परस्परप्रमाणात पुरवणे होय. पिलाला प्रथिनांची नव्हे, तर त्यांतील अमिनो आम्लांची गरज असते. त्यामुळे प्रथिने भरपूर असूनही एखादे आवश्यक आम्ल कमी पडल्यास वाढ खुंटते.

मर्यादक अमिनो आम्ल

शरीराला पुरेशी तयार करता न येणारी आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात. स्नायूंची प्रथिने घडताना गरजेच्या तुलनेत सर्वांत अपुरे असलेले आम्ल वाढीची मर्यादा ठरवते. त्यास पहिले मर्यादक अमिनो आम्ल म्हणतात. मका व सोयाबीन पेंडीच्या खाद्यात ते बहुधा लायसिन असते. उरलेल्या आम्लांचे विघटन होऊन त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो.

आदर्श प्रथिन

या संकल्पनेत लायसिन १०० मानून इतर आम्लांचे प्रमाण ठरवतात. पिलांसाठी मेथिओनिन व सिस्टिन मिळून सुमारे ५५ ते ६०, थ्रिओनिन ५९ ते ६५, ट्रिप्टोफॅन १६ ते २० आणि व्हॅलिन ६३ ते ७० धरतात. थ्रिओनिन आतड्यातील श्लेष्मासाठीही लागते, तर ट्रिप्टोफॅनच्या कमतरतेने भूक मंदावते.

उदाहरण

मक्यात सुमारे ८.५ टक्के प्रथिने व ०.२५ टक्के लायसिन, तर सोयाबीन पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिने व २.९ टक्के लायसिन असते. ७० किलो मका व ३० किलो पेंड यांच्या मिश्रणात प्रथिने १९ टक्क्यांहून अधिक, पण लायसिन जेमतेम १.०५ टक्के भरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या शिफारशीनुसार ११ ते २५ किलो वजनाच्या पिलास एकूण लायसिन सुमारे १.४ टक्के लागते. ही तूट केवळ पेंडीने भरल्यास पेंड ४३ किलोपर्यंत आणि प्रथिने २४ टक्क्यांपर्यंत जातात. शुद्ध लायसिनचे क्षाररूप (७८ टक्के लायसिन) वापरल्यास १०० किलो खाद्यास सुमारे ४५० ग्रॅम पुरते. त्यानंतर मेथिओनिन व थ्रिओनिनची तूट तपासावी लागते.

महत्त्व

नुकतेच दूध तोडलेल्या पिलांची पचनशक्ती अपरिपक्व असते. न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात कुजतात व हगवणीचा धोका वाढतो. संतुलित, कमी प्रथिनांच्या खाद्याने हा धोका आणि विष्ठा-मूत्रातील नायट्रोजन दोन्ही घटतात.

स्थानिक खाद्यघटक

महाराष्ट्रात मका व सोयाबीन पेंड उपलब्ध असते. रिहे गाव ज्या तालुक्यात आहे त्या मुळशीसारख्या भात पिकवणाऱ्या भागात भाताचा कोंडाही मिळतो. शेंगदाणा पेंडीत प्रथिने विपुल, परंतु लायसिन कमी असते. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक पचनात अडथळा आणत असल्याने ते भाजून किंवा शिजवून द्यावे लागते. उपाहारगृहांतील उरलेल्या अन्नाची घडण रोज बदलते. त्यामुळे केवळ अशा अन्नावर वाढवलेल्या पिलांचा आहार संतुलित राखणे कठीण असते.