४. सान बार्तोलो कोयोतेपेकची काळी भांडी

वाटाड्यासोबतच्या या दिवसभराच्या फेरीतले हे गाव मेक्सिकोतील ओआहाका शहराच्या दक्षिणेला, १०-१२ किलोमीटरवर आहे. भांड्यांचा काळा रंग हा लेप नव्हे. भट्टी लिंपून आतली हवा तोडली की मातीतले लोह काळे पडते. कुंभाराचे चाक इथे नाही. पालथ्या बशीवर उताणी बशी ठेवून ती हाताने फिरवत भांडे घडवतात. पूर्वीची भांडी करडी, बिनचकाकीची, पण कडक भाजलेली असत. त्यांत पाणी टिके, मेस्काल हे घायपाताच्या जातीतल्या वनस्पतीचे मद्यही टिके. १९५०च्या दशकात दोन्या रोसा रेआल यांनी अर्धवट सुकलेले भांडे गारगोटीने घोटून, कमी आचेवर भाजून चकाकी आणली. तिने गावाचे नाव जगभर गेले; मात्र अशा भांड्यांतून पाणी झिरपते. लेखकाने त्यांना ‘पाण्याच्या सुरया’ म्हटले आहे, पण त्या शोभेच्याच. जुनी करडी घागर मला कौशल्यात तसूभरही कमी वाटत नाही, आणि प्रवाशांनी तीही मागून पाहावी. पुढे उल्लेखलेल्या आत्सोम्पा गावच्या हिरव्या झिलईत परंपरेने शिसे असते. स्वयंपाकासाठी भांडे घेणाऱ्याने ते शिसेमुक्त असल्याची खात्री करूनच घ्यावे. — संपा.