गुडघ्यातील सुई आणि मिठाचे पाणी

१/८
सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला नव्या संप्रेरकाचे इंजेक्शन देण्यात आले. काही दिवसांतच ती चालू लागली. ते संप्रेरक म्हणजे कॉर्टिझोन.

२/८
१९५० मध्ये केंडल, हेंच आणि राइकस्टाइन यांना या संशोधनासाठी नोबेल मिळाले. परंतु कॉर्टिझोन शरीरभर पसरत असे. चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे असे दुष्परिणाम लवकरच उघड झाले.

३/८
मग औषध केवळ दुखऱ्या सांध्यातच सोडले तर? १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी दाखवले की या कामी कॉर्टिझोनपेक्षा हायड्रोकॉर्टिझोन सरस ठरते. पुढे झिजलेल्या गुडघ्यांसाठीही हा उपाय रूढ झाला.

४/८
मात्र हे दोन आजार भिन्न आहेत. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते. झिजेच्या विकारात हाडांच्या टोकांवरील कूर्चा विरत जाते. स्टेरॉइड दाह शमवते, गेलेली कूर्चा परत आणत नाही. म्हणून आराम मिळतो, तो बहुधा काही आठवड्यांपुरता.

५/८
दुसरा मार्ग वंगणाचा. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईबैलांच्या डोळ्यांतून हायलुरोनिक आम्ल वेगळे केले. सांध्यातील द्रवाचा चिकटपणा याच पदार्थामुळे असतो. एन्द्रे बालाझ यांनी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध स्वरूपात मिळवले. आधी शर्यतीच्या घोड्यांवर त्याचा वापर झाला. १९९७ मध्ये अमेरिकेत माणसाच्या गुडघ्यासाठी त्याला मान्यता मिळाली.

६/८
तथापि गुडघेदुखी आपोआपही चढते-उतरते. रुग्ण वैद्याकडे जातो तो वेदना शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर आलेल्या उताराचे श्रेय औषधाचे, काळाचे की सुईवरील विश्वासाचे? हे ठरवण्यासाठी तुलना हवी, आणि ती पुरवली साध्या मिठाच्या पाण्याने.

७/८
२०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. दोन वर्षे, दर १२ आठवड्यांनी, निम्म्यांना स्टेरॉइड तर निम्म्यांना सलाइन. अखेरीस वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. कूर्चेची झीज मात्र स्टेरॉइड गटात अधिक होती. वंगणाच्या इंजेक्शनांचा सलाइनहून अधिक लाभही पुढील मोठ्या आढाव्यांत अगदी अल्प ठरला.

८/८
याचा अर्थ रुग्णांना जाणवलेला आराम खोटा होता, असा नव्हे. मिठाच्या पाण्यानेही वेदना कमी झाली होती. १९४८ चा चमत्कार खराच होता, पण तो दुसऱ्या आजाराचा होता. झिजलेल्या गुडघ्याच्या उपचारात आजही व्यायाम आणि वजनावर नियंत्रण यांनाच अग्रस्थान आहे. या दोहोंना नोबेल कधी मिळाले नाही.