मुंबईच्या विहिरी आणि आरोग्यखातें
मुंबईंत हिंवताप पसरविणारा डास घरोघरच्या विहिरींत वाढतो, हें डॉ. बेंटले यांच्या १९११ सालच्या अहवालानें उघड झालें. विहार तलावाचें पाणी १८६० पासून नळानें येतच होतें. तेव्हां विहिरी बुजवा, असा म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्याचा हुकूम सुटला. पण विहीर म्हणजे का नुसता पाण्याचा खड्डा? कोणी म्हणे, तींत देवता वसते. पारशी गृहस्थांस धर्मकृत्यांसाठीं सूर्यकिरणांनीं स्पर्शिलेलें पाणी हवें. अर्जांवर अर्ज आले. अखेर तडजोड निघाली : विहीर झांकावी, पण झांकणास बारीक तारेच्या जाळीचें दार ठेवावें. ऊन आंत जाई, डास बाहेर राही. याच प्रकरणांतून म्युनिसिपल सेक्रेटरी रुस्तम मसानी यांना विहिरींच्या लोककथांचा छंद लागला व १९१८ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. कचेरीच्या दप्तराला असें फळ क्वचितच येतें! चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर पारशी भाविकांसाठीं आजही वाहती आहे.