तळटीप : अवश्राव्य ध्वनीच्या नोंदीतील वाऱ्याचा गोंगाट

अवश्राव्य ध्वनी, म्हणजे २० हर्ट्‌झपेक्षा कमी वारंवारतेमुळे माणसाला ऐकू न येणारा ध्वनी, नोंदवताना मुख्य अडथळा वाऱ्याचा असतो. कारण वाऱ्यातील भोवऱ्यांमुळे हवेचा दाब सतत कमीजास्त होतो आणि संवेदक ते चढउतारही ध्वनीसारखेच टिपतो. फ्रेड डॅनियल्स यांनी १९५९ साली मांडलेल्या उपायात संवेदकाला अनेक छिद्रांची लांब नळी जोडून विस्तृत क्षेत्रातील दाब एकत्र केला जातो. १ हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४० मीटर असल्याने तो सर्व छिद्रांशी जवळजवळ एकाच वेळी पोहोचून टिकून राहतो, तर वाऱ्याचे चढउतार थोड्या अंतरावरच परस्परांशी असंबद्ध होत असल्याने सरासरीत बऱ्याच अंशी विरतात. ते पूर्णपणे असंबद्ध असतील, तर १०० छिद्रांमुळे गोंगाटाचा आयाम संख्येच्या वर्गमुळाने घटून एकदशांश उरतो. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या अवश्राव्य केंद्रांवर याच तत्त्वाची नळ्यांची जाळी वापरतात. मात्र जाळ्याचा विस्तार तरंगलांबीच्या जवळपास गेला, की मूळ ध्वनीही क्षीण होतो; म्हणून अशी कोणतीही नोंद वाचताना जाळ्याचा आकार आणि त्या वेळचा वाऱ्याचा वेग विचारात घेणे आवश्यक आहे.